अंग आखडते तेव्हा

सकाळच्या पाळीला निघालेला आपल्या बऱ्हाणपूरचा पॉवरलूम कामगार उंबऱ्यावर क्षणभर थांबतो, कंबर धरतो आणि म्हणतो, "अंग अगदी जखडून गेलंय." केळीचे घड वाहणाऱ्याची आणि घरी कांड्या भरणाऱ्या मायबहिणींचीही तक्रार हीच. मग वयाला दोष देऊन पुष्कळजण हालचालच कमी करतात. आमच्या मते खरी चूक होते ती येथेच.

सांध्यांत निसर्गाने वंगणासारखा एक द्रव ठेवला आहे. सांधा हलला की तो सर्वत्र पसरतो. रात्रभर निजल्यावर किंवा एकाच स्थितीत तासन् तास राहिल्यावर सांधा जड वाटतो, तो यामुळेच. तुटलेला ताणा जोडण्यासाठी दिवसभर वाकणाऱ्याची पाठ म्हणूनच आंबते.

पण आखडल्याची जाणीव म्हणजे प्रत्यक्ष कडकपणा नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाठदुखीच्या रुग्णांची पाठ यंत्राने मोजली, तेव्हा ज्यांना ती ताठ वाटत होती त्यांची पाठ त्या प्रमाणात ताठ आढळली नाही. ही जाणीव बहुधा शरीराने दिलेला सावधगिरीचा इशारा असते. म्हणून भिऊन पडून राहू नये. हळूहळू, न घाबरता हलावे.

उपाय साधे आहेत. अंथरुणातच एकेक गुडघा पोटाशी घ्यावा. कोमट पाण्याने स्नान करावे. कामात दर अर्ध्या तासाने उभे-बसणे बदलावे, खांदे फिरवावे. सायंकाळी तापीच्या राजघाटापर्यंत पायी जावे. तेल चोळल्याने व शेकाने तात्पुरता आराम पडतो. पण चालण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

मात्र काही खुणांकडे दुर्लक्ष नको. साधा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. तो रोज तासाहून अधिक टिकत असेल, आणि दोन्ही हातांची बोटे सुजत असतील, तर तो संधिवात असू शकतो. प्रारंभीच औषध सुरू केल्यास सांधे वाचू शकतात. उशीर झाल्यास वाकडी झालेली बोटे सहसा पूर्ववत होत नाहीत. तापासह मान ताठली, किंवा पाठदुखीबरोबर पाय लुळे पडले अथवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या हातांवर या गावाचे माग चालतात, त्यांचे हात शाबूत राहोत, हीच आमची इच्छा.