‘अंतर’ आणि ‘विस्तार’

वक्तृत्व म्हणजे व्यासपीठावरील टाळ्या, अशी समजूत मराठी समाजात खोलवर रुजलेली आहे. शाळा-महाविद्यालयांतील स्पर्धांनी ती अधिकच घट्ट केली. विषय हाती यायचा, तो पाच मिनिटांत बाजूने अथवा विरुद्ध मांडायचा, परीक्षकांनी गुण द्यायचे आणि करंडक घेऊन घरी जायचे. ज्याचे मत पालटावयाचे तो मनुष्य या साऱ्या व्यवहारात कोठेच नसतो. मत पालटणे ही किती दुर्घट गोष्ट आहे आणि त्यासाठी भाषेला काय काय करावे लागते, याचा दारुण अनुभव मराठवाड्याने १९७८ ते १९९४ या काळात घेतला. दोन शब्दांची ती कहाणी आहे.

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. शरद पवार मुख्यमंत्रिपदी येऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. ठराव न्याय्य होता. तथापि तो होताच मराठवाडाभर उद्रेक झाला. खेडोपाडी दलितांची घरे जाळण्यात आली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांना प्राणास मुकावे लागले. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही कधी पाहिली नव्हती, त्यांना एका पाटीवरील अक्षरांची किंमत मोजावी लागली. ठराव कागदावरच राहिला.

हे सारे एका शब्दामुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जातीची चीड जुनी होती. तिला केवळ निमित्त हवे होते. पण निमित्तालाही भाषा लागते, आणि ती ‘नामांतर’ या शब्दाने पुरविली. व्याकरणाच्या दृष्टीने या शब्दात वावगे काही नाही. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, देशांतर म्हणजे दुसरा देश, तसे नामांतर म्हणजे दुसरे नाव. परंतु श्रोता शब्द ऐकतो तो व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे. मराठीत ‘अंतर’ म्हणजे दुरावाही. शिवाय बाबासाहेबांच्या संदर्भात ‘अंतर’ म्हटले की १९५६ चे धर्मांतर आठवल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या मनात आधीच अढी होती, त्यांना या शब्दात काहीतरी हिरावून घेतले जात असल्याचा भास झाला; आणि निजामी राजवटीशी झुंजून मिळविलेले ‘मराठवाडा’ हे नाव पुसले जाणार, हा प्रचार त्या भासावर सहज उभा राहिला.

विरोधाच्या भाषेचाही येथे विचार केला पाहिजे. बाबासाहेबांविषयी आम्हांस नितांत आदर आहे, पण प्रदेशाची अस्मिताही जपली पाहिजे, अशा धाटणीची ती भाषा होती. या वाक्यातील सारे सामर्थ्य ‘पण’ या दोन अक्षरांत साठलेले आहे. त्याच्या अलीकडचे सौजन्यासाठी, पलीकडचे खरे. असे बोलणारे सगळेच दांभिक होते असे नाही; मुक्तिसंग्रामात तुरुंगवास सोसलेले लोकही त्यांत होते. परंतु सभ्य भाषेतील हा ‘पण’ खेड्यात पोहोचेपर्यंत त्याचा पूर्वार्ध गळून पडला, हे नाकारता येत नाही.

काव्यप्रकाशकार मम्मटाने उपदेशाच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत: धन्याच्या आज्ञेसारखी प्रभुसंमित, मित्राच्या सल्ल्यासारखी सुहृत्संमित आणि प्रियेच्या बोलण्यासारखी कांतासंमित. १९७८ चा ठराव पहिल्या जातीचा होता. आज्ञा बरोबर असली तरी तिने मन वळत नाही. मित्राच्या वाणीने सांगण्यासारखे तर पुष्कळ होते. विद्यापीठ स्थापन झाले १९५८ मध्ये. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० मध्ये, मराठवाड्यात उच्च शिक्षणाची साधने बोटांवर मोजण्याइतकी असताना, बाबासाहेबांनी या शहरात (तेव्हाचे औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. नामकरणाच्या बाजूचा याहून सबळ युक्तिवाद कोणता? पण तो घरोघर जाऊन कोणी सांगितला?

त्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. ‘मिलिंदपन्ह’ हा यवन राजा मिलिंद व भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे, आणि त्याचा आरंभ होतो तो नावाच्याच प्रश्नाने. मला नागसेन म्हणतात खरे, पण ते केवळ नाव आहे, असे भिक्षू सांगतो आणि रथाच्या दृष्टान्ताने ते पटवितो. पुढे तो राजाला अट घालतो: वाद पंडितांच्या रीतीने करणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नव्हे. पंडित खोडून काढले गेले तरी रागावत नाहीत. राजे मतभेदाला दंड करतात. नागसेनवनाच्या भोवतालच्या मुलखात नावाचा वाद दुसऱ्या रीतीने व्हावा, हा दैवदुर्विलासच.

मधली वर्षे मोर्चे, सत्याग्रह, लाठ्या आणि तुरुंग यांची. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९९४ रोजी, पुन्हा मुख्यमंत्री असलेल्या पवारांनी निर्णय जाहीर केला. या वेळी शब्द होता ‘नामविस्तार’. जुने नाव राहिले, त्याच्या आधी नवे आले: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठही झाले. दिवस संक्रांतीचा, गोड बोलण्याचा. हा योगायोग नसावा.

‘विस्तार’ या शब्दाने केले काय? विरोधकाला हार कबूल न करता होकार देण्याची वाट दिली. मन वळविण्याच्या कलेचे मर्म हेच, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. मात्र ही वाट कोणाच्या खर्चाने बांधली गेली, हेही सांगावयास हवे. ज्यांची घरे जळली त्यांनीच मागणीतील अर्धा शब्द सोडला; ज्यांनी विरोध केला त्यांचा शब्द पाटीवर कायम राहिला.

दर वर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर जनसागर लोटतो. कार्यक्रमपत्रिकेवर ‘नामविस्तार दिन’ असे छापलेले असते. गर्दीतून अभिवादन होते ते मात्र नामांतराच्या शहिदांना.