त्रिभाषा सूत्र : कलम आणि तामिली
१९५६ साली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने सुचविलेले, १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने सुलभ केलेले आणि १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिरोधार्य मानलेले हे सूत्र असे, की अहिंदी प्रांतांनी प्रादेशिक भाषेसह हिंदी व इंग्रजी शिकवावी, आणि हिंदी प्रांतांनी हिंदी-इंग्रजीखेरीज एखादी आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडील, अंगीकारावी. या दुसऱ्या कलमाची तामिली मात्र यथातथाच झाली. तमिळ-कन्नडच्या जागी पुष्कळ उत्तरी शाळांनी संस्कृत नेमून वेळ मारून नेली. मद्रास राज्याने तर १९६८ च्या जानेवारीतच विधानसभेत ठराव करून द्विभाषा सूत्र पत्करले. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा लावणारे २०२५ चे दोन्ही शासननिर्णय त्याच वर्षी जूनअखेर मागे घेण्यात आले.