मुक्या जनावराची चिठ्ठी

आमच्या जयसिंगपूरच्या आसपास जत्रा भरली, की बैलगाड्यांच्या जोडीला घोडागाड्यांची शर्यत हमखास ठेवलेली असते. आदल्या दिवशी घोडे लंगडू लागले, तर सल्लागारांना मुळीच तोटा नसतो. "आवो, एक सुई टोचा की, पाखरागत पळंल!" हे बोल मी कितीदा तरी ऐकले आहेत.

पण वाचकहो, दुखणे हा घोड्याचा पहारेकरी आहे. पाय दुखतो म्हणूनच ते तो जपून टाकते. फेनिलब्यूटाझोनसारख्या औषधाने सूज उतरते, ठणका थांबतो. योग्य मात्रेत ते उपकारकच. परंतु तडकलेले हाड त्याने एका रात्रीत सांधत नाही. पहारेकरी तेवढा झोपतो, चोर घरातच राहतो! मग भरधाव पळताना तेच हाड मोडते, आणि घोड्याबरोबर हाकणाऱ्याच्याही जिवावर बेतते. मात्रा जादा झाली, तर जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात, ते वेगळेच.

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानासारख्या ठिकाणी घोड्यांचे नमुने तपासतात आणि निषिद्ध औषध सापडले, तर घोडा तयार करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. आमच्या माळावर प्रयोगशाळा कोठून येणार? तेथे भिस्त पशुवैद्यावरच. जनावरावर उपचार करणारा वैद्य नोंदणीकृत असावा, असे १९८४ चा कायदा सांगतो. अशी औषधे चिठ्ठीवाचून विकू नयेत, हाही नियम आहेच.

बरे, चिठ्ठी मिळाली म्हणजे काळजी मिटली काय? २००९ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे पोलोचे २१ घोडे सामन्याच्या तोंडावर पटापट मेले. त्यांना टोचलेले मिश्रण पशुवैद्याच्या चिठ्ठीवरूनच बनवले होते. पण बनवताना एका घटकाचे प्रमाण चुकले. मृत घोड्यांच्या शरीरात सेलेनियम घातक प्रमाणात आढळले. तात्पर्य, जबाबदारी एकट्याची नव्हे. वैद्याने जनावर डोळ्यांनी पाहावे, औषध बनवणाऱ्याने मात्रा पुन्हा पडताळावी, मालकाने काय, किती, केव्हा दिले ते लिहून ठेवावे.

आणि मुलाबाळांसह शर्यत पाहायला जाणाऱ्या आपण? टाळी वाजवण्यापूर्वी मालकाला एवढेच विचारावे, "घोडे कोणी तपासले?" उत्तर मिळाले नाही, तर त्या घोड्याला त्या दिवशी ठाणावरच राहू द्यावे. शर्यत पुढच्या जत्रेतही होईल.