मोफत संगणकीय साधने आणि वाडीवरची शाळा

संगणक ही आता शहरातील श्रीमंत शाळांची मिरासदारी राहिलेली नाही, असे आपण सभा-संमेलनांतून नेहमी ऐकतो. मोबाईल बहुतेक घरी पोहोचला, शिकण्याची साधने फुकट मिळू लागली, मग मुले आपोआप शिकतील, असा भाबडा विश्वासही समाजात रूढ होत आहे. परंतु साधन फुकट मिळणे आणि त्यातून मूल शिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा फरक समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या कर्जत तालुक्यातच त्याचा दाखला आहे.

अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेचे प्राध्यापक निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ साली ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही योजना जगापुढे मांडली. शंभर डॉलरचा लॅपटॉप तयार करावयाचा असा संकल्प होता. प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट झाली. २००६ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली. तरीही २००७ साली तिचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला, तो कर्जत तालुक्यातील खैराट धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीचे वर्ग आणि वीस-बावीस मुले एवढाच तिचा पसारा. या मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. उन्हातही वाचता येणारा पडदा, कमी विजेवर चालणारे यंत्र आणि आत ‘शुगर’ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर, ही त्यांची वैशिष्ट्ये होती.

येथे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांतील भेद ध्यानी घ्यावा. फुकट वस्तूला पैसे पडत नाहीत, परंतु पुष्कळदा जाहिराती दाखवून किंवा मुलांची माहिती गोळा करून तिची किंमत वसूल केली जाते. मुक्त सॉफ्टवेअरची प्रत कोणालाही देता येते, त्यात बदल करता येतो, ते मराठीत आणता येते. म्हणूनच शाळेने शक्यतो मुक्त साधनांची निवड करावी. शुगर आजही मोफत उपलब्ध असून पेनड्राईव्हवरून साध्या, जुन्या संगणकावरही चालविता येते.

त्यातील ‘कासव’ या खेळाचे उदाहरण पाहू. पडद्यावरील कासवाला मूल आज्ञा देते : शंभर पावले पुढे जा, नव्वद अंशांत वळ. हे चार वेळा केले की चौरस उमटतो. आता समभुज त्रिकोण काढावयाचा आहे. त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, म्हणून मूल साठ अंश वळावयास सांगते. पण त्रिकोण होत नाही, सहा वेळा केल्यावर षटकोन होतो! कासव आतला कोन वळत नाही, बाहेरचा कोन वळते. म्हणून एकशेवीस अंश हवेत. संगणकाने चूक दाखविली, हे खरे. परंतु “असे का झाले?” हा प्रश्न विचारून मुलाला थांबविणारे गुरुजी किंवा बाई तेथे नसतील, तर मूल दोन आकृत्या रंगवून पुढच्या खेळाकडे वळेल.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. पेरू देशाने असे लॅपटॉप लाखोंच्या संख्येने वाटले. तेथील ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. मुलांचा संगणकाचा वापर वाढला होता, परंतु गणित व भाषा या विषयांत प्रगती आढळली नाही. यंत्र पोहोचले, अध्यापनाची रीत मात्र बदलली नाही.

याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड आले आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथे आधी धडा होता, साधन मागून आले.

मग आपल्याकडील शिक्षकाने काय करावे? हाती एकच मोबाईल असला तरी पुष्कळ करता येते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत. केंद्र शासनाचे २०१७ साली सुरू झालेले ‘दीक्षा’ ॲप पुस्तकातील क्यूआर कोड वाचते. त्यातील पाठ आधी उतरवून घेतला की डोंगरकुशीतील वाडीत रेंज नसतानाही दाखविता येतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात विज्ञानाचे प्रयोग मराठीतूनही मिळतात. विजेचे मंडल जोडताना तेथे बल्ब फुटण्याची वा शॉक बसण्याची भीती नाही. चार-पाच मुलांचा गट करावा. आधी सर्वांनी पाटीवर अंदाज लिहावा, मग पडद्यावर प्रयोग करावा, आणि शेवटी अंदाज का चुकला हे एकाने सांगावे. पंधरा मिनिटे पुरतात.

खरा प्रश्न पुढे आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शिक्षण मोबाईलवर गेले. ज्या घरात एकच मोबाईल होता आणि तो वडिलांसोबत कामावर जात होता, त्या घरातील मूल वर्गाबाहेर राहिले. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांची तर गोष्टच वेगळी. साधन फुकट असले तरी मोबाईल, रिचार्ज आणि वीज फुकट नाही. शिकविण्याचा सगळा भार घरच्या मोबाईलवर टाकला, तर ज्याच्यापाशी आधीच आहे तोच पुढे जातो. म्हणून ही साधने वर्गातच, सर्वांच्या समोर वापरली गेली पाहिजेत.

समाजबांधवांना आमची विनंती एवढीच, की घरात वा कार्यालयात पडून असलेला जुना संगणक भंगारात न देता गावच्या अभ्यासिकेला द्यावा. महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यावर मुक्त सॉफ्टवेअर बसवून आठवड्यातून एक तास लहान मुलांसमवेत बसावे. यंत्र देणे सोपे आहे, मुलाशेजारी बसून “असे का?” एवढे विचारणारे माणूस देणे, हे आपल्या सर्वांचे काम आहे.