अँतीबचें उन्हाळी बिऱ्हाड

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आपल्याकडील कुटुंबवत्सल गृहस्थापुढें दोन मार्ग उभे राहतात : एक महाबळेश्वर-माथेरानचा आणि दुसरा मुलांच्या आजोळचा. कोंकणांत घर असणारीं माणसें मे महिन्यांत समुद्रकांठीं जातात तीं आंब्या-फणसांसाठीं; दमट वारा आणि घामाच्या धारा तीं आवडीनें नव्हे, निरुपायानें सोसतात. यूरोपांत मात्र जुलै-ऑगस्ट आले कीं उत्तरेकडील देशांतून माणसांचे लोंढे भूमध्यसमुद्राच्या कांठीं उतरूं लागतात. नवराबायकोनें दोन आठवडे वाळूवर उन्हांत पडून राहावें, पोहावें, सायंकाळीं किनाऱ्यावरील भोजनगृहांत जेवावें आणि रापलेलें अंग घेऊन घरीं परतावें, हा तेथील मध्यम स्थितींतील कुटुंबांचा वार्षिक विधि होऊन बसला आहे. ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं नोकरीस आहेत, त्यांच्याकडे असल्या सहलींचीं छायाचित्रें येतच असतील. तीं पाहून ही चाल तेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असावी असें वाटतें. परंतु फ्रान्सच्या किनाऱ्यापुरतें बोलावयाचें तर तिला जेमतेम शंभर वर्षें झालीं आहेत. आणि ती रुजविण्यांत एका जोडप्याच्या संसाराचा मोठा वांटा आहे. त्या संसाराची हकीकत आम्हीं येथें सांगण्याचें योजिलें आहे.

मार्सेय बंदराचें नांव स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या १९१० सालच्या उडीमुळें मराठी वाचकांस परिचित आहे. त्या बंदराच्या पूर्वेस इटलीच्या सरहद्दीपर्यंत जो किनारा पसरला आहे, त्यावर कान, अँतीब, नीस आणि मांतों हीं गांवें ओळीनें येतात. पाठीशीं आल्प्स पर्वताची भिंत असल्यामुळें उत्तरेचा बोचरा वारा तेथें फारसा पोंचत नाहीं आणि ऐन हिवाळ्यांत लिंबें-नारिंगें झाडावर पिकतात. आपल्याकडे ग्रीष्मामागून वर्षा येते. तेथें पाऊस शरदांत व हिवाळ्यांत पडतो आणि ग्रीष्म अगदीं कोरडा जातो.

एकोणिसाव्या शतकांत येथें परदेशी पाहुणे येत ते हिवाळ्यांत. लॉर्ड ब्रूम हे इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर १८३४ सालीं इटलीस चालले असतां पटकीच्या सांथीमुळें सरहद्द बंद झालेली आढळली. नाइलाजानें ते कान येथें थांबले आणि गांव आवडल्यामुळें तेथेंच त्यांनीं घर बांधलें. घराला नांव दिलें आपल्या आजारी मुलीचें. ती मुलगी पुढें १८३९ सालीं ऐन तारुण्यांत वारली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहों. डॉक्टर बेनेट नांवाचा एक इंग्रज वैद्य १८५९ सालीं स्वतःच्या छातीच्या दुखण्यासाठीं मांतोंला आला, बरा झाला आणि त्या हवेची कीर्ति त्यानें ग्रंथ लिहून पसरविली. १८६४ सालीं रेल्वे नीसपर्यंत आली. मग क्षयाच्या रोग्यांची रीघ लागली. मांतोंच्या जुन्या दफनभूमींत परदेशी तरुण-तरुणींचीं थडगीं दाटीनें उभीं आहेत. दुसरीकडे राजेरजवाडेहि येत. व्हिक्टोरिया राणीनें १८९५ ते १८९९ या काळांत नीसच्या टेकडीवर मुक्काम केले. परंतु रोगी काय किंवा राणी काय, उन्हाळ्याची चाहूल लागतांच सर्वांचें प्रस्थान. मे महिना उजाडला कीं मोठमोठ्या हॉटेलांचे दरवाजे बंद होत. ऊन म्हणजे गोऱ्या कातडीचा शत्रु. रापलेलें अंग शेतमजुराचें व कोळ्याचें लक्षण. वधूपरीक्षेच्या वेळीं ‘गौरवर्ण’ या शब्दाला अद्याप जें महत्त्व आपण देतों, तें आठवलें म्हणजे त्यांना हंसण्याचा अधिकार आपल्याला पोंचत नाहीं. कालिदासाच्या नांवावर असलेल्या ऋतुसंहारांत ऋतुचक्राचा आरंभ ग्रीष्मानें होतो; या किनाऱ्याच्या पंचांगांत मात्र ग्रीष्माचें पानच नव्हतें.

जेरल्ड मर्फी हा अमेरिकन तरुण. न्यूयॉर्कमध्यें त्याच्या वडिलांची चामड्याच्या उंची वस्तूंची प्रसिद्ध पेढी होती. सेरा ही ओहायोंतील एका शाई बनविणाऱ्या धनिकाची मुलगी, जेरल्डहून वयानें पांच वर्षांनीं वडील. हा संबंध वडीलधाऱ्यांना मनापासून पसंत नव्हता. तरी १९१५ च्या डिसेंबरांत विवाह झाला आणि पांच वर्षांच्या आंत ऑनोरिया, बेओथ व पॅट्रिक हीं तीन मुलें झालीं. दोन्हीं घरच्या शिस्तीचा व श्रीमंती रीतिरिवाजांचा जांच चुकवावा म्हणून हें कुटुंब १९२१ सालीं पॅरिसला येऊन राहिलें. तेथें जेरल्डला चित्रकलेचा नाद लागला. ‘एकत्र कुटुंब सोडून पळालेलें जोडपें’ असें वर्णन करून आमचे कांहीं वाचक येथेंच पान उलटतील. त्यांनीं थोडा धीर धरावा अशी विनंति आहे.

१९२२ च्या उन्हाळ्यांत संगीतकार कोल पोर्टर यानें अँतीबच्या भूशिरावर एक वाडा भाड्यानें घेतला होता, त्यानें या कुटुंबास पाहुणचारास बोलाविलें. पोर्टरला ती जागा पुन्हा आठवली नाहीं. या दोघांच्या मनांतून ती जाईना. पुढच्या वर्षीं त्यांनीं भूशिरावरील हॉटेलचे मालक आंत्वान सेला यांना गांठलें आणि उन्हाळ्यांत थोडे नोकर ठेवून हॉटेल चालूं ठेवावें म्हणून गळ घातली. सेला कबूल झाले. त्या भल्यामोठ्या हॉटेलांत १९२३ च्या उन्हाळ्यांत राहावयास होतीं कोण, तर हें कुटुंब आणि एक चिनी कुटुंब! थोड्याच दिवसांत चित्रकार पिकासो आपली पत्नी, मुलगा आणि म्हातारी आई यांसह अँतीबला आला.

हॉटेलपासून जवळच गारूप नांवाची लहानशी पुळण आहे. तिच्यावर वाळलेल्या समुद्रगवताचा जाड थर सांचलेला होता. भूमध्यसमुद्रांत भरती-ओहोटीचा फरक वीत-दीड वीत एवढाच. त्यामुळें आपल्या किनाऱ्यावर लाटा जी झाडलोट दिवसांतून दोनदां करितात, ती तेथें होत नाहीं. जेरल्डनें दांताळें घेतलें आणि रोज थोडी थोडी करून ती पुळण साफ करण्यास आरंभ केला. लक्षाधीशाचा मुलगा सकाळच्या उन्हांत गवत ओढीत आहे, हें दृश्य स्थानिक लोकांस विलक्षणच वाटलें असेल. जातां जातां सांगावयाचें तर, या समुद्रांत पोसिडोनिया नांवाची जी वनस्पति तळाशीं कुरणासारखी वाढते, तिला आज फ्रान्समध्यें कायद्याचें संरक्षण आहे. तिच्या पानांचे किनाऱ्यावरील ढीग लाटांचा मारा सोसून वाळू धरून ठेवितात असें शास्त्रज्ञ सांगतात. पर्यटकांना मात्र ते ढीग नकोसे वाटतात. जेरल्डच्या दांताळ्यापासून सुरू झालेला हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

१९२४ सालीं त्यांनीं दीपगृहाखालच्या उतरणीवर एक घर विकत घेतलें, दुरुस्त करून पुढच्या वर्षीं त्यांत राहावयास गेलीं आणि त्याला ‘व्हिला अमेरिका’ हें नांव दिलें. सकाळीं मुलांचा अभ्यास, जेरल्डचें चित्र, मग सर्वांनीं मिळून पुळणीवर जावयाचें, पोहावयाचें, परतल्यावर झाडाखालीं टेबल मांडून जेवण, असा दिनक्रम. सेरा मोत्यांचा लांब सर गळ्यांतून पाठीवर सोडून वाळूंत बसे. मोत्यांना ऊन मानवतें असें तिचें म्हणणें होतें! एकदां या आईबापांनीं मुलांसाठीं एक जुनाट दिसणारा नकाशा तयार करून बागेंत पुरला. मुलांनीं तो ‘शोधून’ काढल्यावर सर्वांना आपल्या गलबतांत घालून किनाऱ्याच्या कडेनें दूरच्या एका खाडींत नेलें, आणि तेथें वाळूंत अगोदरच गाडून ठेविलेली खजिन्याची पेटी मुलांकडून खणून काढविली. मुलांसाठीं खेळणीं विकत आणणारे आईबाप आम्हीं पुष्कळ पाहिले. मुलांच्या खेळांत इतकी मेहनत घालणारे क्वचित्.

सेराच्या स्वभावाचें एक अंग आमच्या वाचकांस विशेष ओळखीचें वाटेल. रोगजंतूंचें तिला मोठें भय. आगगाडीनें जावयाचें असलें कीं डब्यांत ती स्वच्छ चादरी लटकवी. मुलांच्या हातीं येणारीं नाणीं धुऊन घेई. आपल्या जुन्या घरांतील सोंवळ्यालाहि लाजवील अशी ही दक्षता! १९२६ सालीं हेमिंग्वे याच्या मुलाला डांग्या खोकला झाला, तेव्हां त्याला तिनें आपल्या मुलांपासून तत्काळ दूर ठेवविलें.

हें सारें स्वस्ताईमुळें शक्य झालें, हें विसरून चालणार नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं एका डॉलरला सुमारें ५ फ्रँक मिळत; १९२६ च्या जुलैमध्यें हा भाव ५० च्या घरांत गेला. अमेरिकेंतील साधारण उत्पन्न फ्रान्समध्यें ऐश्वर्य ठरे. म्हणून लेखक-कलावंतांची तेथें गर्दी झाली. त्यांच्या मद्यपानाचें आणि दंगामस्तीचें आम्हांस कौतुक नाहीं. कादंबरीकार स्कॉट फिट्‌झेराल्ड यानें तर एका मेजवानीच्या रात्रीं सेराचे व्हेनिसचे नाजूक पेले भिंतीपलीकडे भिरकावून दिले. त्याबद्दल त्याला तीन आठवडे घराची बंदी झाली. शिवाय उन्हाळी किनाऱ्याच्या भरभराटीस हें एकच घर कारण झालें असें म्हणणेंहि अतिशयोक्तीचें होईल. १९२२ च्या डिसेंबरांत सुरू झालेली निळी आगगाडी आणि पॅरिसच्या वेषशास्त्राची उन्हाकडे वळलेली दृष्टि, यांचाहि त्यांत भाग आहे. परंतु गाडी म्हणजे संसार नव्हे. या दोघांनीं त्या ओसाड ऋतूंत घर मांडून दाखविलें. मग मागून येणाऱ्यांना तेथें कसें राहावें हें कळलें.

१९२९ च्या शरदांत नऊ वर्षांच्या पॅट्रिकला क्षय झाल्याचें निष्पन्न झालें. ज्या रोगासाठीं यूरोपांतील आईबाप दोन पिढ्या मुलांना या किनाऱ्यावर आणीत होते, तोच रोग या निरोगी, उन्हांत वाढलेल्या घरांत शिरला. आणि विचित्र गोष्ट अशी कीं त्यासाठीं त्यांना हा किनारा सोडावा लागला. कारण तोंवर वैद्यांचें मत पालटलें होतें. समुद्राची मृदु हवा मागें पडून उंच पर्वतांवरील थंड हवा हा उपचार ठरला होता. सारें बिऱ्हाड स्वित्झर्लंडमधील मोंताना येथें गेलें. जेरल्डनें कुंचला खालीं ठेविला तो कायमचा. सात वर्षांत त्यानें थोडींच चित्रें काढिलीं होतीं, त्यांतलींहि निम्मीं पुढें हरवलीं.

पॅट्रिकच्या प्रकृतींत चढउतार होत राहिले. अशांत १९३५ च्या मार्चमध्यें घाव पडला तो भलत्याच बाजूनें. पंधरा वर्षांचा धट्टाकट्टा बेओथ शाळेंत असतांना गोंवरानें आजारी पडला. त्यांतून मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन तो बोस्टन येथें गेला. त्या वर्षाच्या अखेरीस जेरल्डनें फिट्‌झेराल्डला पत्र लिहिलें. फिट्‌झेराल्डनें १९३४ सालीं प्रसिद्ध केलेली ‘टेंडर इज द नाइट’ ही कादंबरी याच जोडप्यास अर्पण केली होती आणि तिच्या नायक-नायिकेंत प्रथम यांचें आणि मग स्वतःचें व स्वतःच्या पत्नीचें चित्र उतरविलें होतें. सेराला तें मुळींच आवडलें नव्हतें. आतां जेरल्डनें लिहिलें तें अशा आशयाचें, कीं तुझें म्हणणें खरें होतें. आमच्या आयुष्यांतला जो भाग आम्हीं आपल्या मनानें रचिला तेवढ्यालाच कांहीं घडण व सौंदर्य होतें, आणि आमच्यावर घाला येईल तो मुलांच्या वाटेनें येईल ही भीति मला सदैव होती. सेराचीं तीं धुतलेलीं नाणीं आम्हांस येथें आठवतात. १९३७ च्या जानेवारींत पॅट्रिकहि न्यूयॉर्क संस्थानांतील सारानॅक लेक येथें वारला. तो सोळा वर्षांचा होता. क्षयावर गुणकारी ठरलेलें स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं सांपडलें.

या दोन मृत्यूंच्या मधल्या वर्षीं, २० जून १९३६ रोजीं, फ्रान्समध्यें लेओं ब्लूम यांच्या सरकारनें कामकऱ्यांना वर्षांतून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. रेल्वेनें सवलतीचीं तिकिटें काढिलीं, आणि गिरणी-कारखान्यांतील पुष्कळ नवराबायकोंनीं आयुष्यांत प्रथमच समुद्र पाहिला. उन्हाळ्याचें पान पंचांगांत कायमचें शिवलें गेलें. आज तें इतकें पक्कें आहे, कीं मे महिना लागतांच कुलूप लागणारें तें अँतीबचें हॉटेल आतां उन्हाळ्यांत गजबजतें आणि हिवाळ्यांत बंद असतें.

जेरल्डनें न्यूयॉर्कला परतून वडिलोपार्जित पेढी वीस-एक वर्षें चालविली. तो चित्रें काढीत असे हें त्याच्या ओळखीच्या लोकांसहि ठाऊक नव्हतें. १९६० सालीं डॅलस येथील एका प्रदर्शनांत तीं पुन्हा लोकांसमोर आलीं. १९६४ सालीं तो वारला. सेरा त्याच्यामागें अकरा वर्षें जगली. तिन्हीं मुलांपैकीं मागें उरलेल्या ऑनोरियानें १९८२ सालीं आपल्या आईबापांविषयीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या नांवांत त्या दोघांबरोबर अँतीबच्या घराचेंहि नांव तिनें घातलें आहे.