नापास झालेल्या मुलीला घरात एक कोपरा द्या

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आम्ही भाईंदर पूर्वेच्या एका चाळीत गेलो होतो. बुद्ध पौर्णिमेच्या वर्गणीचा हिशेब द्यायचा होता. एका दारात मुलीचे वडील गप्प बसलेले दिसले. आत आई भाकऱ्या थापत होती आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन विषय गेले होते. ही २०२३ सालची गोष्ट.

वडील म्हणाले, "भाऊ, पोरगी नर्स होणार म्हणते. नापास झालेल्याला कोण नर्स करतंय? शेजारच्या गाळ्यात पॅकिंगला पोरी घेतात. सोमवारपासून पाठवा म्हणालेत."

वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला आहेत. खोली भाड्याची. मागे दोन लहान भावंडे. अशा घरात चार पैसे जास्त आले तर काय फरक पडतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आम्ही त्यांना उपदेश केला नाही. फक्त मुलीला म्हणालो, "बेटा, गुणपत्रक आण बघू."

अडले ते शब्दांवर

गुणपत्रक नीट पाहिले. जीवशास्त्रात ५६, इंग्रजीत ४१. गेलेल्या दोन विषयांत चार-सहा गुणांनीच घात केला होता. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली. अकरावीला विज्ञान घेतले आणि एका रात्रीत सगळी पुस्तके इंग्रजी झाली. वर्गात विचारायची लाज, शिकवणी लावायला पैसे नाहीत.

आम्ही तिला विचारले, "ऑस्मोसिस म्हणजे काय?" ती गप्प. मग विचारले, "परासरण म्हणजे काय?" तर तिने धडाधड सांगितले. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी का सुटते आणि उत्तनच्या कोळणी मासा खारवतात तेव्हा तो का टिकतो, हेही तिला उलगडून सांगता आले. म्हणजे विषय तिच्या डोक्यात होता, इंग्रजी शब्द मात्र परका होता.

त्या दिवसापासून तिने दोनशे पानी वही घातली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला त्याचा मराठी अर्थ. डिफ्यूजन म्हणजे विसरण, एन्झाइम म्हणजे विकर, रेस्पिरेशन म्हणजे श्वसन. रोज दहा शब्द. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले मराठी शाळेतून विज्ञानाला गेली आहेत, त्यांनी हा उपाय आजच करावा. खर्च एका वहीचा आहे.

जुलैच्या पुरवणी परीक्षेत भौतिकशास्त्र सुटले, रसायनशास्त्र पुन्हा राहिले. ते २०२४ च्या परीक्षेत सुटले. पात्रतेच्या विषयांत मिळून ४४ टक्के झाले. बीएस्सी नर्सिंगला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्काची किंमत अशा वेळी कळते. या सवलतीवाचून एका टक्क्याने दार बंद झाले असते.

परीक्षा नेमकी कशी असते

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा २०२३ पासून सुरू झाली. परीक्षा संगणकावर होते. एकूण १०० प्रश्न, १०० गुण आणि वेळ दीड तास. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता या पाच भागांचे प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहिती पुस्तिका मात्र अवश्य वाचावी, कारण नियमांत बदल होत असतात.

पालकांचा गोंधळ होतो तो पर्सेंटाइलवर. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ६० पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षा दिलेल्या दर शंभर मुलांपैकी साठ जण आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे आहेत. आकडा पाहून मुलीला एकदम रागावू नका, आधी त्याचा अर्थ समजून घ्या.

ज्यांना हे जमत नाही त्यांनीही निराश होऊ नये. जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेली मुलेही पात्र ठरतात, इंग्रजी विषय मात्र हवा. एएनएम दोन वर्षांचा आहे. जीएनएम झाल्यावर पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही घेता येते. वाट थोडी लांब, पण पोहोचते तिथेच.

पहिला प्रयत्न हुकला

मुलीने २०२४ ची सीईटी दिली आणि पर्सेंटाइल फार खाली आला. आम्हालाही धक्का बसला, कारण संध्याकाळी विहारात दीड-दोन तास बसून आम्ही मंडळीच तिला शिकवत होतो. आमच्यात एक जण वाणिज्य पदवीधर कारकून, एक निवृत्त शिक्षक, एक औषधाच्या दुकानातला कामगार. चूक शोधली तेव्हा ती आमचीच निघाली. आम्ही तिला धडे वाचायला लावले, पण घड्याळ लावून शंभर प्रश्न कधी सोडवायला दिले नाहीत. एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा मिळत नाही, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. परीक्षेत भौतिकशास्त्राच्या गणितात ती अडकली आणि येत असलेले जीवशास्त्राचे प्रश्न तसेच राहिले.

दुसऱ्या वर्षी दर रविवारी सकाळी दीड तासाची पूर्ण परीक्षा घेतली. क्रम ठरवून दिला. आधी जीवशास्त्र, मग इंग्रजी आणि अभियोग्यता, मग रसायन, शेवटी भौतिक. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवायचे आणि बुधवारी पुन्हा सोडवायचे. अकरावी-बारावीची राज्य मंडळाची पुस्तके सोडून दुसरे काही घेतले नाही. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

पण अभ्यास विहारात दीड तास होतो, बाकीचा घरी. आणि घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, पाच माणसे, चालू असलेला टीव्ही. खरा प्रश्न इथेच होता.

सुभेदारांची जागरणे

आम्ही एका रविवारी त्या बाबांना बाबासाहेबांच्या मॅट्रिकची हकिकत सांगितली. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सारा संसार. भीमरावांनी लवकर झोपावे, सुभेदार रामजींनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवावे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हावे. खोलीत जागा नव्हती म्हणून बापाने आपली झोप दिली.

पुढे लंडनमध्येही बाबासाहेबांचा डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी एकदा फेरलेखनासाठी परत पाठवला होता. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ साली पदवी मिळवली. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणे कमीपणाचे असते, तर हे घडलेच नसते.

बाबा ऐकून काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात गेलो तर खोलीत बदल दिसला. मोरीजवळ एक जुनी फळी ठोकून टेबल केले होते, वर एक दिवा. रात्री नऊनंतर टीव्ही बंद. बाबा पहाटे चारला उठून पाणी भरायचे आणि मुलीला हाक मारायचे. आई म्हणाली, "पाणी आमी भरतो, तिला हात लावू देत नाय." नर्सिंगच्या तयारीत याहून मोठी शिकवणी आम्ही पाहिली नाही.

दाखले आधी, निकाल नंतर

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. अभ्यासाइतकेच कागद महत्त्वाचे. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा गावाकडे शिकलेले, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनी जात आणि आपल्या दाखल्यावर बौद्ध. यात घाबरण्याचे कारण नाही. १९९० साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीतच धरले आहे. मात्र आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा काढायला गावी जावे लागते. या मुलीचे बाबा दोन दिवसांची रजा टाकून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी जाऊन आले. हे काम अकरावीतच करा. निकालानंतर धावपळ करून जागा हातची जाते.

वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि मुलीचे आधार जोडलेले बँक खाते तयार ठेवावे.

आणि सावध राहा. "सहा महिन्यांत नर्स व्हा" असे फलक स्टेशनबाहेर दिसतात. आमच्याच ओळखीतल्या एका घराने कर्ज काढून असे पैसे भरले. हाती प्रमाणपत्र आले, पण नर्स म्हणून नोंदणी काही होईना. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, एवढे विचारा.

सावित्रीमाईंचा वसा

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीमाई फुले डॉक्टर यशवंतांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले. तोच आजार त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपल्या मुली रुग्णसेवेत जातात तेव्हा त्या हा वसा पुढे नेतात. फरक एवढाच, की आज या सेवेला पदवी आहे, पगार आहे आणि मान आहे.

ती मुलगी २०२५ ची सीईटी पार पडून बीएस्सी नर्सिंगला लागली. दोन वर्षे मागे पडली हे खरे. पण परवा बाबांना कोणीतरी विचारले, "पोरगी किती वर्षं शिकणार अजून?" तेव्हा ते म्हणाले, "चार वर्षं. मोजून ठेवलीत मी."

आपल्या वस्तीत या वर्षीही अशी एखादी मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली असेल. तिच्याकडे गुणपत्रक मागा, कोणते विषय जमतात ते बघा, आणि घरात तिला एक फळी, एक दिवा आणि रात्रीची शांतता द्या. बाकीचे विहारात बसून आपण मिळून करू.

जय भीम!