के-लूक? इम्फाळला विचारा!

तुमच्या ड्रॉवरमध्ये या क्षणी किती शीट मास्क आहेत? माझ्याकडे तीन, शिवाय गोगलगायीच्या स्रावाचं सीरम. (हो, गोगलगाय! आईला अजून सांगितलेलं नाही.) हा कोरियन ग्लोचा फंडा ओटीटी आणि बीटीएसबरोबर आला, असं आपण धरून चालतो. माझी मणिपुरी कलीग यावर नुसती हसते.

कारण ती शाळेत होती तेव्हाच इम्फाळमध्ये हे सगळं होऊन गेलं. 2000 मध्ये तिथल्या एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली. केबलवरून हिंदी चॅनेल गेले, 'अरिरंग' हे कोरियन चॅनेल आलं. पाओना बाजारात कोरियन सिरियल्सच्या सीड्या मिळायला लागल्या आणि पोरापोरींचे हेअरकट बदलले. पण नुसती बंदी हे कारण मला तरी पुरेसं वाटत नाही. तिच्या मते खरी गंमत वेगळीच होती. आपल्यासारखे डोळे, आपल्यासारखं नाक असलेली माणसं पडद्यावर चक्क हीरो-हिरॉइन होती! आपला बॉलिवूड काय देत होता? 2014 मध्ये मेरी कोमवर सिनेमा निघाला, तोही प्रियांका चोप्राला घेऊन.

त्याच वर्षीच्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या दिसण्यावरून, रंगवलेल्या केसांवरून टिंगल झाली. त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. आज तसेच केस करायला आपण सलूनमध्ये अपॉइंटमेंट घेतो.

ही बया मात्र मास्क-बिस्क काही लावत नाही. तिच्या घरी चेंगही असतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यात झाडपाला उकळून केलेलं, केस धुवायचं पाणी. आपल्याकडे 'राइस वॉटर' म्हणून बाटलीत मिळतं ना, साधारण तेच! पगारातला बराचसा भाग ती फनेकवर उडवते, म्हणजे तिकडच्या लुंगीसारख्या नेसणावर. भाऊबीजेच्या सुमारास निंगोल चाकोबाला लेकी माहेरी जेवायला जातात, तेव्हा नवं फनेक हवंच.

पूर्वी रिक्षावाले तिला 'नेपाळ का?' विचारायचे. हल्ली 'कोरिया?' विचारतात, तेही जरा अदबीनं. इम्फाळ म्हटलं, की ती अदब पुढच्या सिग्नललाच उतरते.